बापूंची पितळी मापं

९ सप्टेंबर, मंगळवार
कोरीटहून आबा आले, बापूंच्या वेळचं गिऱ्हाईक. सोबत त्यांची सून, सुनंदा. गाडी तिनेच चालवत आणली. रायफल गोधडीत गुंडाळून आबांच्या मांडीवर, नातवाला धरावं तशी.

आबांचा उजवा गाल सोललेला आहे. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. मक्यात रानडुकरं शिरली, वनखात्याची परवानगी होती, आबांनी बार काढला आणि धूर पुढून निघायचा तो मागून तोंडावर आला. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "तुन्हा बापनी बनाडेल शे. तूच देख."

सुनंदाचं काम वेगळं आहे. रायफलचं लायसन आबांच्या नावावरून तिच्या नावावर व्हायचंय. नवरा सुरतेला नोकरीला, शेती हीच बघते. धुळ्याला जाऊन बंदूक चालवायचं ट्रेनिंग करून आली. आता बंदूक ठीक आहे असा माझा दाखला तेवढा हवा. बंदूक बाद निघाली तर पोलीस ठाण्यात जमा, आणि पुढे तिचे तुकडे. दाराशी जाऊन परत वळली. "नाना, चांगली व्हई ना?"

पाहतो म्हटलं. रजिस्टरला नोंद केली, रायफल कपाटात, किल्ली कमरेला.

१० सप्टें., बुधवार
आबांनी आणलेली फुटलेली पुंगळी, काडतुसाचं रिकामं पितळी नळकांडं, पाहिली. बुडाच्या थोडं वर गोल चीर. आतून तार फिरवली तर तार अडकते. पितळ ताणलं जाऊन फाटलंय. म्हणजे बार झाला तेव्हा पुंगळी आत सैल बसलेली होती. मोकळीक जास्त. इंग्रजीत हेडस्पेस. बापू (वडील) मोकळीकच म्हणायचे.

ही रायफल बापूंचं सगळ्यात मोठं काम. मूळ विलायती. तिचं काडतूस यायचं बंद झालं आणि ती आबांच्या घरी नुसती खुंटीला राहिली. बापूंनी नळी मागून कापली, चेंबर (काडतूस बसायची पोकळी) नव्याने पाडलं आणि काडतूसही स्वतःच ठरवलं. थर्टी-ओ-सिक्स या बाजारातल्या काडतुसाची रिकामी पुंगळी घ्यायची, तिचा खांदा (तोंडाखालचा उतार) मागे दाबायचा, तोंड बारीक करायचं. कुठल्याच कारखान्यात हे काडतूस होत नाही. एक बंदूक, तिचं एक काडतूस, बस. बापू गेल्यावर पुंगळ्या मी करतो. लायसनमध्ये ते काम लिहिलेलं आहे. भरण्याचं काम धुळ्याच्या डीलरकडे.

दुपारी बापूंची दोन पितळी मापं काढली. पुंगळीच्याच आकाराची, भरीव. 'जाय' (म्हणजे जा) आत घातलं तर बोल्ट, मागून चेंबर बंद करणारा दांडा, बंद झाला पाहिजे. 'थांब' केसभर लांब, ते घातलं तर बोल्ट अडला पाहिजे, नाहीतर मोकळीक जास्त.

'जाय' घातलं. बंद झाला.
'थांब' घातलं. बंद झाला.

११ सप्टें., गुरुवार
चेंबर घासून पुसून परत केलं. 'थांब'वर बोल्ट अडतच नाही. कुठे अडखळतसुद्धा नाही.

पण बोल्टचे कान पाहिले, ज्यांच्यावर सगळा मार येतो ते. भिंगाखाली धरले. कुठे दबल्याची खूण नाही. बापूंच्या कानशीचे ओरखडे अजून दिसतात. कान दबले नाहीत, तर मोकळीक वाढली कुठून? नळी काही लांब होत नाही.

शोभा म्हणाली जेवण गार होतंय. दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणत नाही ती, ताट झाकून ठेवते आणि मग दोन दिवस मी ऐकत बसतो.

१२ सप्टें.
तेच. माप सांगतं बाद. कान सांगतात बरी. मापावर विश्वास ठेवायचा असतो, डोळ्यावर नाही, हे बापूंनीच शिकवलं.

१५ सप्टें., सोमवार
बापूंची तिथी. शोभाने खीर, वडे, गवारीची भाजी. कावळा येईना, म्हणून शो. म्हणाली सासऱ्यांचं काहीतरी अडलंय. मला माहीत होतं काय अडलंय. शेवटी आला एक, अर्धा वडा नेला.

बापू आठवले ते पहिल्या बाराच्या दिवशीचे. बंदूक बांधून झाली की गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी पहिला बार स्वतः खांद्याला लावून काढायचे. त्या दिवशी सकाळी गुळगुळीत दाढी. "गाल नि लाकूड, मझार काय बी नको." मधे दाढीचा खुंटही नको. एरवी आठवडा आठवडा खुंट वाढलेले असायचे. आई म्हणायची याला सणावारी दाढी सुचत नाही.

मी कधीच तसं केलं नाही. बंदूक जुन्या टायरला बांधायची, लांबून दोरी ओढायची. तेच शहाणपणाचं आहे. बापूंना मी तोंडावर सांगितलं होतं. ते हसले होते. राग आला असता तर बरं वाटलं असतं.

१७ सप्टें., बुधवार
सुनंदाला बोलावून सांगितलं. बंदूक बाद. दाखला देता येणार नाही.

तिने वाद घातला नाही. एवढंच विचारलं की दुरुस्त होते का. होते, पण नळी परत मागून कापायची, चेंबर परत पाडायचं, आणि ते बापूंच्या हाताचं काम माझ्या हातून होईल याची मला खात्री नाही. हे असंच्या असं सांगितलं. फिरवून सांगितलं नाही.

आबा गाडीतच बसून होते. काच खाली करून सांगितलं. म्हणाले, "जमा करी दे. मन्ही बी उमर व्हयनी, तिन्ही बी." तिची म्हणजे बंदुकीची. मग माझ्याकडे न बघता, "तुन्हा बाप ऱ्हायता ते..." आणि काच वर केली.

बापू असते तर काय, ते मलाही माहीत नाही. बोचलं मात्र.

ठरलं असं की दसरा होऊ द्यायचा. बंदुकीची शेवटची पूजा करायची, मग ठाण्यात.

२२ सप्टें., सोमवार
घट बसले. दिवसभर लेथवर मिरची कांडपाच्या मशीनचे शाफ्ट. सीझन येतोय, सगळ्यांना आजच पाहिजे. एकजण मशीनच्या आतल्या मिरचीसकट शाफ्ट घेऊन आला. सगळं दुकान शिंकलं. बंदुकीची कामं वर्षाला मोजकी, पोट भरतं ते मिरचीवर.

कपाट उघडलं नाही. पण लक्ष तिकडेच.

२६ सप्टें.
सुनंदाचा फोन. डुकरांनी परत मका पाडला. रात्री ती आणि गडी फटाके लावत बसतात. डुकरं आता फटाक्यांना भीत नाहीत. बाजूच्या शेतातल्या माणसाला मागच्या महिन्यात डुकराने मांडीला फाडलं. दुसरी बंदूक घ्यायची तर नवं लायसन, म्हणजे किती वर्षं कोण जाणे.
ऐकून घेतलं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
आज सविस्तर लिहायला हवं.

सकाळी शोभाने नेहमीप्रमाणे हत्यारं घासायला काढली. मागच्या नळावर बसली, चिंच आणि विटकरीचा चुरा. आमच्याकडे नवमीला लोखंडाला तेल आणि पितळेला चिंच, आईपासूनची पद्धत. पूजेच्या पाटावर पितळ लखलखलं पाहिजे. बापूंनाही ते फार आवडायचं. मीपण लोकांना सांगत आलो की आमची मापं बघा, सोन्यासारखी आहेत.

मी दात घासत उभा होतो. शोच्या एका बाजूला आईचा तांब्या घासलेला, उलटा ठेवलेला. त्यावर आईचं नाव कोरलं होतं. लहानपणी मी त्या अक्षरांवरून बोट फिरवायचो, बोटाला लागायची. आता उन्हात धरला तरी 'सौ.' सुद्धा दिसत नाही. सहज म्हटलं, आईचं नाव गेलं गं. शो. म्हणाली, "जाईच ना. इतला वरीस घसाई ऱ्हायनं."

आणि तिच्या हातात 'थांब' होतं. बुडाशी विटकरीचा चुरा लावून अंगठ्याने गोल गोल.

हातातून घेतलं. धुतलं. बापूंनी दोन्ही मापांच्या बुडाला पंचने अक्षरं ठोकली होती, 'जा' आणि 'थां'. 'थां'चा काना गेलाय. वरचं टिंब गेलंय. 'जा' तर नुसती सावली उरलीय.

बापू पंच ठोकायचे तो खोल. त्यांचा हातोडा हलका नव्हता.

शो. विचारत होती काय झालं. काही नाही म्हटलं. ब्रश तोंडात तसाच होता.

१ ऑक्टो., संध्याकाळ
पूजा केली. मापं पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं. नमस्कार करताना त्यांच्याकडे बघवेना.

२ ऑक्टो., दसरा
मायक्रोमीटर लावून काही उपयोग नाही. माप लहान झालं हे कशाच्या मानाने सांगणार? बापूंनी आकडा कधी लिहिला नाही. विचारलं की म्हणायचे माप हे माप असतं, त्याचा आकडा कशाला. ही दोन पितळं हाच आकडा. पितळ का, तर चेंबरला ओरखडा जाऊ नये. पोलादाचं केलं असतं तर चिंचेला दाद दिली नसती.

सोनं द्यायला लोक येत होते, आपट्याची पानं हातात घेत होतो आणि डोक्यात तेच. बापूंच्या हातची न वापरलेली, न घासलेली अशी एखादी पुंगळी कुठे असेल? माझ्याकडच्या सगळ्या माझ्या केलेल्या.

सुनंदाला फोन केला. घरात जुनं काही असलं तर शोध म्हटलं. रायफल इतक्यात जमा करायची नाही, थांब. का, ते सांगितलं नाही. आधी मला कळू दे.

४ ऑक्टो., शनिवार
सुनंदा आली. आबांच्या लोखंडी पेटीत, लग्नातल्या फेट्याच्या घडीत सापडली. बापूंनी केलेली पहिली पुंगळी. बंदूक दिली त्या दिवशी आबांच्या हातात ठेवलेली, रिकामी, कधी न भरलेली. काळीठिक्कर. डांबरगोळ्यांचा वास. सुनंदा म्हणाली, आणायच्या आधी घासून आणणार होते, वेळ मिळाला नाही.

बरं झालं म्हटलं. जरा जोरातच म्हटलं बहुतेक, ती दचकली.

चेंबरमध्ये घातली, बोल्ट लावला. एका बोटाने बंद झाला आणि अगदी शेवटाला हलकासा दाब लागला. हाताला कळतं ते. जसं असायला हवं तसं.

मग मायक्रोमीटर. बुडापासून खांद्यापर्यंत काळी पुंगळी आणि 'जाय' बाजूबाजूला मोजली. दोन्ही एकसारखी असायला हवीत. 'जाय' लहान. 'थांब' सुद्धा काळ्या पुंगळीपेक्षा लहान. 'थांब' सगळ्यात मोठं असायला पाहिजे.

खात्रीसाठी चेंबरचा गंधकाचा साचा घेतला. वितळवून ओतायचं, गार झाल्यावर ठोकून बाहेर. दुकानभर वास. साचा आणि काळी पुंगळी जुळतात.

बंदुकीला काही झालेलं नाही.

५ ऑक्टो., रविवार
मग पुंगळी फुटली का? हे काल डोक्यात आलं होतं, पण लिहिलं नाही. आज लिहितो.

पुंगळ्या मी करतो. खांदा किती दाबायचा हे मी 'जाय'शी जोडून बघतो. 'जाय' झिजलं, म्हणून मी खांदा जास्त दाबला. दरवर्षी थोडा थोडा जास्त. बंदूक होती तशीच राहिली आणि माझ्या पुंगळ्या तिला आखूड होत गेल्या. आबांचा गाल माझ्या पुंगळीने भाजला. आणि त्यावर मी बंदुकीलाच बाद म्हटलं.

आज बापूंचा राग आला. गेलेल्या माणसाचा राग करू नये, पण आला. पितळेचं माप करायचं आणि दर नवमीला बायकोकडून विटकरीने घासून घ्यायचं, आणि आकडा लिहायचा नाही. एवढा हुशार माणूस. नंतर वाटलं, मायक्रोमीटर तर माझ्याकडे होता. मी तरी कुठे लिहिला.

७ ऑक्टो., मंगळवार
शोभाला सांगू नये असं ठरवलं होतं. सांगितलं.

वाटलं होतं तिला वाईट वाटेल. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "माले काय म्हाईत पितळ बी उतरस? तुम्हले म्हाईत पाहिजे व्हतं."

बरोबर आहे. घरातला कारागीर मी.

थोड्या वेळाने परत आली, हात पुसत. "सासूबाईसना तांब्या बी मीच उतारा का मंग?" ती तांब्या घेऊन बराच वेळ बसली होती. नंतर तो तिने माळ्यावर ठेवला, फडक्यात बांधून.

११ ऑक्टो., शनिवार
कोरीटला गेलो. ओट्यावर खाट, आबा आडवे. गालावर नवी गुलाबी कातडी आलीय. सुनंदाने चहा केला. तिच्यासमोरच सगळं सांगितलं. मापं झिजली, पुंगळ्या आखूड केल्या, बंदूक चांगली आहे, चूक माझी. मापंही नेली होती दाखवायला. आबांनी 'थांब' हातात घेऊन फिरवून पाहिलं.

सुनंदा लगेच म्हणाली, "मंग बंदूक बरी शे? दाखला भेटी?" तिला तेवढंच हवं होतं, आणि त्यात गैर काय.

भेटेल म्हटलं. नवं माप करतो, नव्या पुंगळ्या करतो, बार काढून बघतो आणि सही करतो.

आबा उठून बसले. "पितळ घसाई गयं त घसाई गयं. मन्हा गालनं काय?"

मी 'थांब' त्यांच्या हातातून घेऊन पिशवीत ठेवलं.

निघताना सुनंदा फाटकापर्यंत आली. म्हणाली आबा आता बंदुकीला हात लावणार नाहीत, मलाही लावू देणार नाहीत असं वाटतं. कागद झाला तरी. काल तिने नुसती गोधडीची घडी घातली, ती बंदुकीची गोधडी, तर ओरडले.

१५ ऑक्टो., बुधवार
पोलादाची मापं कातली. 'जाय' काळ्या पुंगळीबरहुकूम. 'थांब' त्याहून केसभर लांब. लाल करून तेलात विझवली. 'थांब' किंचित वाकडं झालं, टाकून दिलं. परत केलं. दुसरं जमलं.

बुडाला अक्षरं ठोकली, विझवायच्या आधीच. आणि या वेळी आकडाही. हे पान आणि मापाचं बूड, दोन्हीकडे. इथे पानाच्या कडेला लिहून ठेवलाय.

'जाय': बोल्ट बंद.
'थांब': बोल्ट अडला. अर्ध्यावर. जोर लावून पाहिला, नाही म्हणजे नाही.

किती दिवसांनी बरं वाटलं.

१६ ऑक्टो.
पुंगळ्या. आधी तोंडं तापवून नरम केली, अंधाऱ्या कोपऱ्यात, म्हणजे रंग कळतो. मग एरंडेल लावून डायमध्ये. एरंडेल जास्त झालं की खांद्याला वळी पडते. पहिल्या दोघींना पडली, फेकल्या. हात घाई करत होता. चहा पिऊन परत बसलो. मग नीट आल्या. प्रत्येक पुंगळी नव्या 'जाय'शी जोडून, प्रत्येक चेंबरमध्ये घालून.

जुन्या माझ्या केलेल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या व्हाइसमध्ये चेपल्या. आबांच्या घरच्याही सुनंदाकडून मागवून घेतल्या, भरलेल्या होत्या त्या डीलरकडे मोडायला दिल्या.

१८ ऑक्टो., धनतेरस
लक्ष्मीच्या पाटावर काय ठेवायचं यावर शो. आणि मी. ती म्हणाली जुनी मापं ठेवू, नवी नको. मी म्हटलं नवी. शेवटी दोन्ही ठेवली. जुनी घासलेली नव्हती. कुंकू काळपट पितळेवर चांगलं दिसत होतं.

२३ ऑक्टो., भाऊबीज
बहीण आली सुरतहून. दुकान बंद. धुळ्याच्या डीलरने काडतुसं भरून दिली. मैदानाची परवानगी पुढच्या आठवड्यात.

२९ ऑक्टो., बुधवार
पोलिसांच्या फायरिंगच्या मैदानावर. परवानगीचा कागद, एक हवालदार, मी, सुनंदा. आबा गाडीत, काचा वर.

रायफल टायरला बांधली. दोरी. सगळ्यांना मागे नेलं. ओढली.

आवाज साफ. धूर पुढून. पुंगळी काढली, बुडाजवळ बोट फिरवलं, नख फिरवलं, आतून तार फिरवली. कुठे अडकली नाही. चीर नाही, पितळ ताणल्याची गोल चकाकी नाही. परत एक. परत एक. सगळ्या तशाच, सुनंदाने रुमालात गोळा केल्या.

गाडीपाशी जाऊन आबांना दिल्या. त्यांनी एकेक पाहिली. डोळ्याजवळ धरून, मग गालाजवळ. बऱ्या आहेत म्हणाले. मी खिशातून पेन काढला, दाखला तयारच होता, बॉनेटवर ठेवला.

आबा म्हणाले, "सही कागदवर राहास. तू गाल लाव."

मी म्हटलं आबा, दोरीने बघितलं ना. म्हणाले, "दोरीले गाल नही."

मग म्हणाले, आवाज न चढवता, की तुझ्या बापाने या बंदुकीचा पहिला बार माझ्यासमोर स्वतःच्या गालाने काढला होता. म्हणून मी इतकी वर्षं डोळे मिटून ती लावली. आता माझी सून लावणार. तर आधी तू लाव. नाहीतर उद्या ठाण्यात नेऊन टाकतो, कागद तुझ्याकडे ठेव.

सुनंदा म्हणाली, आबा, असं काय करता. आबांनी ऐकलं नाही.

मी पेन परत खिशात ठेवला. हवालदार म्हणाला आजची वेळ संपली. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. शनिवारची सकाळ मिळाली.

३१ ऑक्टो., शुक्रवार
भीती वाटते. का वाटावी? मोजलं, साचा घेतला, दोरीने बार काढले, पुंगळ्या निर्मळ आल्या. आकडा लिहिलेला आहे. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बिनधास्त लाव.

दुपारी काडतूस न घालता रायफल खांद्याला लावून पाहिली. दुकान बंद करून, कपाटाला पाठ टेकून. लाकूड आबांच्या गालाने गुळगुळीत झालंय. मी गाल टेकवला आणि लगेच वर उचलला. तीनदा केलं. तिसऱ्यांदा जरा राहिला.

इतकी वर्षं बंदूक चुकली असती तर बापूंचं माप होतं, बापूंचं काम होतं. आता माप माझं आहे.

सुनंदाचा मेसेज. आबा सकाळी लवकर तयार होतील म्हणतात. तिने खाली लिहिलंय, नाना, नसेल जमत तर नको, मी आबांना समजावते. समजावायला आबा काय ऐकणारे आहेत.

१ नोव्हेंबर, शनिवार
उठलो तेव्हा बाहेर वाळवणाच्या पथारीवर मिरची पसरायला बाया आल्या होत्या. हवेत तिखट. चहा घेतला. मापं पिशवीत, काडतुसं वेगळ्या डब्यात, काळी पुंगळी रुमालात. आबांना परत द्यायची आहे. दाखल्याचा कागद. पेन.

दोरीपण घेतली होती. शोभाने पिशवी हाताळली, दोरी पाहिली. काढून ठेवली नाही.

मग आरशासमोर बसलो. गरम पाणी मागितलं. शनिवारी मी दाढी करत नाही, रविवारची असते, हे तिला पक्कं माहीत. तांब्या आणून ठेवला. माळ्यावरचा, आईचा. घासलेला नाही, डाग पडलेले. उभी राहून बघत होती.

"लगीनले जाई ऱ्हायनात का?"

हसलो. ब्लेड लागेल म्हणून लगेच थांबलो. डावा गाल झाला. मग उजवा, दोनदा फिरवून, हाताने चाचपून. एक खुंट कानाखाली राहिला होता, तोही काढला.

सुनंदाच्या गाडीचा हॉर्न वाजतोय. पिशवी दाराशी आहे. दोरी अजून आतच आहे.